लोकसभेचं मत आणि पगाराची स्लिप

रातपाळी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

लोकसभेची निवडणूक आली की आमच्या वस्तीत उमेदवारापुढे ठेवायची यादी ठरलेली असते. ड्रेनेज, अंतर्गत रस्ता, समाजमंदिराची शेड, ओपन जिम. यातलं जवळजवळ सगळं नगरसेवकाचं काम. जे फक्त दिल्लीत ठरतं त्याबद्दल सभेत कुणी हात वर करत नाही. खासदारही मग पाच वर्षं कोनशिला बसवत फिरतो आणि आपण त्यालाच काम म्हणतो.

मी चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात आहे. महिन्याची स्लिप हातात घ्या आणि एकेक ओळ बघा. प्रॉव्हिडंट फंड १२ टक्के, ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा) पाऊण टक्का, दिवाळीचा किमान बोनस ८.३३ टक्के, नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी, ओव्हरटाइमचा दुप्पट दर. हे सगळं संसदेने केलेल्या कायद्यांतून येतं. स्लिपवरचा एक प्रोफेशनल टॅक्स तेवढा राज्याचा, तोही १९७५ साली रोजगार हमीसाठी पैसा उभा करायला लावलेला.

ईएसआयचंच घ्या. पगाराची मर्यादा २१,००० रुपये, जानेवारी २०१७ पासून तीच. आमच्याकडे करार झाला, पगारवाढ आली आणि बऱ्याच पोरांचा पगार त्या रेघेच्या थोडा वर गेला. काही महिन्यांत कार्ड बंद. ज्याच्या आईचं डायलिसिस ईएसआयमधून चालू होतं तो पोरगा मला विचारत होता, "दादा, वाढ परत करता येते का?" त्या पोराचं नशीब वाईट म्हणून हे झालेलं नाही. ही रेघ केंद्र सरकार आखतं आणि सरकवायची की नाही तेही तेच ठरवतं. घटनेच्या कलम ७५(३) नुसार ते मंत्रिमंडळ सामूहिकपणे कुणाला जबाबदार असतं? लोकसभेला. राज्यसभेला नाही, मुख्यमंत्र्यांना नाही. आणि लोकसभेत कोण बसणार ते आपण ठरवतो.

मतामुळे फरक पडतो का, याचं माझ्या दृष्टीने सगळ्यात स्वच्छ उदाहरण बोनसचं. कामगार लढ्यांमुळे किमान बोनस ४ टक्क्यांवरून ८.३३ वर, म्हणजे एका महिन्याच्या पगारावर आला होता. आणीबाणी लागली आणि सप्टेंबर १९७५ मध्ये वटहुकमाने तो परत ४ टक्क्यांवर आणला. संपाला बंदी, पुढारी तुरुंगात, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर. कारखान्याच्या गेटवर बोलायची सोय नव्हती. मार्च १९७७ मध्ये मतदान झालं, सरकार गेलं आणि त्याच वर्षी ८.३३ टक्के परत आले. गेट बंद होतं तेव्हा मतपेटी उघडी होती. आज ज्यांच्या हातात दिवाळीला एक पगार पडतो त्यातल्या फार थोड्यांना ही गोष्ट माहीत आहे.

एक विनंती. इथे पक्षांची धुणी धुवायला येऊ नका. १९७५ चं सरकार एका पक्षाचं होतं, ईएसआयची मर्यादा अडकवून ठेवणारं दुसऱ्याचं. मुद्दा हिशेब मागण्याचा आहे. आपापल्या कामाच्या ठिकाणचे अनुभव लिहा.

---

लालबागचा_जुना

धागा चांगला आहे पण मी सहमत नाही.

आमच्या घरात तीन माणसं गिरणीत होती. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर. १९८४ ला गिरणगावाने संपाचे पुढारी डॉक्टर दत्ता सामंतांना मुंबई दक्षिण मध्यमधून लोकसभेत पाठवलं. देशात इंदिराजींच्या हत्येनंतरची लाट होती, काँग्रेसला ४०० च्या वर जागा, आणि आम्ही त्या लाटेतही आमचा माणूस निवडून दिला. चाळीचाळीतून माणसं मतदानाला गेली. पोटात अन्न नव्हतं तरी गेली. पुढे काय झालं? संप कधी मागे घेतलाच गेला नाही आणि नोकऱ्याही परत आल्या नाहीत. वडील शेवटपर्यंत वॉचमनची ड्युटी करत राहिले. गिरण्यांच्या जागी टॉवर आले.

मग सांगा, लोकसभेत आमचा माणूस असून काय उपयोग झाला? आता तर पक्षांतरबंदी कायदा आहे, १९८५ पासून. व्हिप, म्हणजे पक्षाचा आदेश, निघाला की खासदाराने हात वर करायचा. स्वतःची अक्कल वापरली तर खासदारकी जाते. असल्या खासदाराकडून तुम्ही ईएसआयची रेघ हलवायची अपेक्षा करता?

---

रातपाळी

काका, तुमच्या घराने जे भोगलं त्यावर मी वाद घालणार नाही. पण दोन गोष्टी मांडतो.

गिरणगावाच्या गळ्याचा फास १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा होता. एका उद्योगात एकच मान्यताप्राप्त युनियन, कामगारांना ती नको असली तरी. तो कायदा राज्याचा. तो बदलायला विधानसभेत बहुमत हवं होतं, आणि तुम्ही पाठवलेला माणूस दिल्लीत एकटा होता, समोर ४०० चं बहुमत. एकट्या खासदाराने कायदा बदलत नाही हे मान्य. खासगी विधेयकं, म्हणजे मंत्री नसलेल्या खासदारांनी मांडलेली, घ्या: स्वातंत्र्यापासून आजवर जेमतेम १४ मंजूर झाली, शेवटचं १९७० मध्ये. पण संप चालू असतानाच १९८३ मध्ये केंद्राने मुंबईतल्या १३ गिरण्यांचं व्यवस्थापन ताब्यात घेतलं आणि संसदेत त्याचा कायदा झाला. ते पुरेसं नव्हतं, उशिराही होतं, पण रस्त्यावरचा दबाव सभागृहापर्यंत पोचला होता.

व्हिपबद्दल. व्हिप मतदानाच्या वेळी बांधतो. प्रश्न विचारायला, शून्य प्रहरात बोलायला, स्थायी समितीत अधिकाऱ्यांची उलटतपासणी घ्यायला व्हिप लागत नाही. बहुतेक खासदार तिथेही गप्प बसतात, कारण मतदारसंघातून कुणी विचारतच नाही की तुम्ही काय बोललात.

---

चांदवडकर

आमच्याकडचं सांगतो, कांद्याचं. यापेक्षा ताजं उदाहरण महाराष्ट्रात नाही.

ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं. लासलगाव, पिंपळगाव, चांदवड, सगळे बाजार बंद ठेवले, काही उपयोग झाला नाही. ८ डिसेंबरला सरळ निर्यातबंदी. तेव्हा आमचा लाल कांदा निघत होता. लाल कांदा टिकत नाही, चाळीत भरता येत नाही, निघाला की विकावाच लागतो. बंदी आली तसा लिलावात भाव कोसळला. ट्रॅक्टर रांगेत उभा आणि मोबाइलवर बातमी वाचतोय अशी गत झाली. आणि हे फक्त शेतकऱ्यापुरतं नाही. कांदा काढणाऱ्या बायांची मजुरी, खळ्यावर निवडणाऱ्या, गोणी भरणाऱ्या, मार्केटातले हमाल, मापारी, ट्रकवाले, सगळ्यांचा हंगाम त्यावर. निर्यात नाही म्हणजे पॅकिंगच्या शेडमधल्या बायांना काम नाही. त्यांचं नाव कुठल्याच पंचनाम्यात येत नाही.

बंदी ३१ मार्चपर्यंत म्हणाले होते. मार्चमध्ये मुदत वाढवली. एप्रिलच्या शेवटी गुजरातच्या पांढऱ्या कांद्याला २,००० टन निर्यातीची परवानगी आली. आकडा लहान होता पण आमच्या डोक्यात तो बसला. मग ४ मेला बंदी उठवली, ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के शुल्क कायम ठेवून. आमचं मतदान २० मेला होतं. दिंडोरीत केंद्रात राज्यमंत्री असलेल्या उमेदवार होत्या, भारतीताई पवार. त्या पडल्या. निवडून आले भास्कर भगरे, शिक्षक माणूस. त्यांची सगळ्यात मोठी जाहिरात कांद्याने केली.

पुढचं महत्त्वाचं. सप्टेंबर २०२४ मध्ये किमान निर्यात मूल्य काढलं, शुल्क २० टक्क्यांवर आणलं. विधानसभा तोंडावर होती. १ एप्रिल २०२५ पासून शुल्क शून्य. २०२३ मध्ये आम्ही अर्जविनंत्या करत होतो तेव्हा हे का नाही झालं? लोकसभेचा निकाल लागल्यावरच का झालं?

भाव त्यानंतरही पडलेले आहेत, ते मी लपवत नाही. शुल्क गेलं म्हणून सगळं सुटलं असं नाही. परदेशातल्या खरेदीदाराने तोवर दुसरीकडून माल घ्यायला सुरुवात केली, तो एका दिवसात परत येत नाही. म्हणूनच म्हणतो की पाच वर्षांनी राग काढणं पुरत नाही. डिसेंबरमध्ये बंदी आली तेव्हा आमच्या भागाच्या खासदारांनी त्याच आठवड्यात सभागृहात काय केलं, हे आम्ही तेव्हाच विचारायला हवं. हिवाळी अधिवेशन चालू होतं ना तेव्हा?

---

अनघा_सांगली

हो, चालू होतं, आणि त्या अधिवेशनाची एक नोंद इथे करायला हवी. डिसेंबर २०२३ च्या त्या हिवाळी अधिवेशनात दोन्ही सभागृहांतून मिळून १४६ विरोधी खासदार निलंबित झाले, १०० लोकसभेतून, ४६ राज्यसभेतून. सुप्रिया सुळे आणि अमोल कोल्हे त्यात होते. हे दोघे कांद्यावर बोलतच होते. त्यांच्या गैरहजेरीत तीन नवे फौजदारी कायदे मंजूर झाले.

मी कामगार न्यायालयात वकिली करते, त्यामुळे मला दुसरं एक अधिवेशन जास्त डाचतं. सप्टेंबर २०२०. कोरोनाचं कारण देऊन प्रश्नोत्तराचा तास रद्द केला होता, फक्त लेखी उत्तरं मिळत होती. १४ सप्टेंबरला लोकसभेत प्रश्न होता: टाळेबंदीत घरी परतताना किती स्थलांतरित मजूर दगावले? कामगार मंत्रालयाचं लेखी उत्तर आलं की अशी आकडेवारी ठेवलेली नाही. एक कोटीहून अधिक मजूर परतल्याचा आकडा त्यांच्याकडे होता. मेलेल्यांचा नव्हता. त्याच वर्षी ८ मेच्या पहाटे जालन्याहून औरंगाबादच्या दिशेने रुळावरून चालत निघालेले आणि करमाडजवळ थकून झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले. त्या रुळावर विखुरलेल्या भाकऱ्या सगळ्या महाराष्ट्राने पाहिल्या. देशाच्या कामगार खात्याच्या वहीत त्यांची ओळ नाही. पुढे रेल्वेमंत्र्यांनी राज्यसभेत सांगितलं की श्रमिक गाड्यांमध्ये ९७ जणांचा मृत्यू झाला. तो आकडा बाहेर आला कारण कुणीतरी सभागृहात प्रश्न टाकला. वर्तमानपत्राला उत्तर द्यायला मंत्री बांधलेला नसतो, सभागृहाला असतो.

आणि त्याच अधिवेशनात, २२ सप्टेंबरला लोकसभेत आणि २३ ला राज्यसभेत, तीन कामगार संहिता मंजूर झाल्या. विरोधकांचा बहिष्कार होता, बाकं रिकामी. वेतन संहिता आदल्या वर्षी झालेलीच. असे २९ कायदे चार संहितांत गेले आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या लागू झाल्या. त्यात वाईटच आहे असं मी म्हणत नाही. ठरावीक मुदतीच्या कामगाराला एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी, डिलिव्हरीवाल्या मुलांची कायद्यात पहिल्यांदा व्याख्या, या जमेच्या बाजू. पण कारखाना बंद करायला किंवा कामगार कपातीला सरकारची परवानगी लागायची ती १०० कामगारांपासून, आता ३०० पासून. माझ्याकडे येणारी बहुतेक माणसं १०० ते ३०० च्या मधल्या कारखान्यांतली आहेत. कुपवाड, मिरज, इचलकरंजी बघा. आणि कुठल्याही औद्योगिक आस्थापनेत संपाआधी १४ दिवसांची नोटीस. एवढा बदल, आणि एकही दुरुस्ती सुचवणारा आवाज त्या दिवशी समोर नव्हता. बहिष्कार टाकणाऱ्यांनाही मी हे विचारेन: ज्या दिवशी आमचा कायदा होता त्या दिवशी तुम्ही बाहेर का होता?

---

लालबागचा_जुना

अनघाताई, हे वाचून माझं मत अजून पक्कं झालं. सभागृह असं चालत असेल तर मत देऊन काय होणार?

---

अनघा_सांगली

काका, सभागृह तसं चालवलं म्हणून निवडणुकीत कुणाला किंमत मोजावी लागली का? नाही. १७व्या लोकसभेला पूर्ण पाच वर्षं उपाध्यक्षच नव्हता, घटनेच्या कलम ९३ मध्ये ते पद लिहिलेलं असून. कुठल्या प्रचारसभेत हा विषय निघाला? आधीच्या सरकारांच्या काळातही गोंधळात विधेयकं उरकली गेली आहेत. ज्या गोष्टीसाठी मत जात नाही ती गोष्ट कुठलाही पक्ष सुधारत नाही.

---

निवृत्त_फिटर

मी ईपीएस ९५ चा, म्हणजे प्रॉव्हिडंट फंडाबरोबरच्या पेन्शन योजनेचा पेन्शनर. भोसरीला एका कंपनीत होतो. १९९६ ला लागलो, २०१३ ला निवृत्त. माझं गणित लिहून दाखवतो, कारण लोकांना वाटतं आम्ही वाढवून सांगतो.

सूत्र असं: पेन्शनपात्र पगार गुणिले नोकरीची वर्षं भागिले ७०. मी निवृत्त झालो तेव्हा खरा पगार कितीही असो, पेन्शनसाठी ६,५०० च धरायचे. ६,५०० × १७ ÷ ७० = १,५७८ रुपये. महिन्याला. त्याला महागाई भत्ता नाही, त्यामुळे २०१३ ला १,५७८ आणि आजही १,५७८. माझी बीपीची आणि साखरेची औषधंच त्यात येत नाहीत.

किमान पेन्शन सप्टेंबर २०१४ पासून १,००० रुपये. त्याच्या आदल्या वर्षी राज्यसभेच्या याचिका समितीने, भगतसिंह कोश्यारी अध्यक्ष होते, किमान ३,००० करा असा अहवाल दिला होता. तेव्हा ते विरोधी बाकावर होते. पुढे त्यांचाच पक्ष सत्तेत आला, ते स्वतः आपल्या राज्याचे राज्यपाल झाले, आणि अहवाल तसाच पडून. अहवाल आला तेव्हा सत्तेत असलेल्यांनी तरी कुठे ३,००० केले? बुलढाण्याला आमचे लोक डिसेंबर २०१८ पासून साखळी उपोषणाला बसले. मागणी ७,५०० आणि महागाई भत्ता. २०१९ ची लोकसभा झाली, २०२४ ची झाली.

रातपाळी, तुमचा धागा मला पटतो पण मला सांगा, कांदेवाल्यांचं ऐकलं आणि आमचं का नाही? आम्ही संख्येने कमी नाही.

---

चांदवडकर

काका, मला वाटतं ते असं. कांदा एका पट्ट्यात आहे. दिंडोरी, नाशिक, शिरूर, नगर, धुळ्याचा काही भाग. गावातली दहा घरं घेतली तर आठ घरांचा हिशेब एकच. सोसायटीत, बाजार समितीत, पारावर तोच विषय. तुम्ही पेन्शनर सगळ्या ४८ मतदारसंघांत विखुरलेले, आणि एका इमारतीतला दुसरा माणूस पेन्शनर आहे की नाही हेसुद्धा तुम्हाला माहीत नसतं. उमेदवाराला आमचा राग गठ्ठ्याने दिसला, तुमचा सुटा सुटा.

---

राजापूरकर

फिटर काका, उलटं उदाहरण द्यायचा मोह होतोय, धीर सुटू नये म्हणून.

१९७७ च्या ज्या निवडणुकीचं रातपाळींनी लिहिलंय, त्याच निवडणुकीने आमच्या राजापूरचे मधु दंडवते रेल्वेमंत्री झाले. दुसऱ्या वर्गाच्या स्लीपरला तेव्हा नुसती लाकडी फळी असायची. मुंबईहून गावाला, किंवा उत्तरेला दोन दोन दिवस प्रवास करणारा माणूस त्या फळीवर झोपायचा. दंडवत्यांनी त्या फळीवर दोन इंची फोम बसवायला लावला. आज स्लीपर डब्यात पाठ टेकता तेव्हा ती १९७७ च्या मतदानाची देणगी आहे. आणि १९७४ च्या रेल्वे संपात ज्यांना कामावरून काढलं होतं त्यांना परत घेतलं. हे जास्त मोठं काम, पण लोकांना गादीच आठवते.

दंडवते १९७१ पासून सलग पाच वेळा निवडून आले. त्यांच्याकडे वाटायला पैसा नव्हता. खासदार निधी तर १९९३ पर्यंत अस्तित्वातच नव्हता. त्याआधी नाथ पै होते. त्यांचं लोकसभेतलं भाषण वर्तमानपत्रात आलं की आमच्या आजोबांच्या दुकानात मोठ्याने वाचलं जायचं. लोक आपल्या खासदाराला त्याच्या भाषणावरून ओळखायचे. आता पाच कोटींच्या निधीतल्या हायमास्ट दिव्यांवरून ओळखतात. माझ्या मते निधी आला तेव्हापासून हा हिशेब बिघडला. खासदार ठेकेदार झाला आणि आपण गिऱ्हाईक.

१९५७ ही विसरू नका. द्वैभाषिक लादलं, लोकांनी संयुक्त महाराष्ट्र समितीला भरभरून मतं दिली. मुंबईतून कॉम्रेड डांगे, राजापुरातून नाथ पै. तीन वर्षांत, १ मे १९६० ला राज्य मिळालं. हुतात्म्यांचं बलिदान आणि मोर्चे होतेच, पण १९५७ चे निकाल बघितल्यावर दिल्लीला आपला निर्णय बदलावा लागला.

---

सेविका_परभणी

मी अंगणवाडी सेविका. फिटर काकांसारखंच आमचं.

आम्हाला पगार नाही, मानधन. केंद्राच्या हिशेबात ते ४,५०० रुपये, ऑक्टोबर २०१८ पासून तेच. मदतनीस ताईला २,२५०. वरचे पैसे राज्य घालतं आणि ते आम्ही संप करून करून मिळवलेत. डिसेंबर २०२३ मध्ये संप केला तेव्हा आम्ही सगळ्या मुंबईला आझाद मैदानात. राज्याचे मंत्री म्हणायचे केंद्राकडे मागा. केंद्राकडे मागायला आम्ही जायचं कुठे? मग कुणीतरी सुचवलं की खासदाराकडे जा. गेलो. ते म्हणाले, "हा विषय जिल्हा परिषदेचा आहे." योजना केंद्राची, मानधन केंद्र ठरवतं, आणि खासदाराला हे माहीत नाही.

पोषण ट्रॅकरवर आम्ही रोज मुलांची माहिती भरतो, वजन, उंची, हजेरी, सगळं दिल्लीला दिसतं. निवडणुकीत बीएलओचं काम आम्हीच करतो, मतदार यादी घेऊन घरोघर फिरतो. गावातल्या प्रत्येक मतदाराचं नाव आम्हाला पाठ. मला वाटतं आम्ही आमची ताकद कधी मोजलीच नाही.

---

रातपाळी

ताई, "खासदाराला माहीत नाही" हे वाक्य फार महत्त्वाचं आहे. कारण ते तपासता येतं. संसदेच्या संकेतस्थळावर खासदाराचं नाव टाकलं की त्यांनी विचारलेले सगळे प्रश्न आणि मंत्र्यांची उत्तरं दिसतात. मंत्रालय निवडून शोधता येतं. महिला व बालविकास खात्याला आपल्या खासदाराने पाच वर्षांत किती प्रश्न विचारले ते अर्ध्या तासात कळतं. आमच्या युनियनच्या पोरांनी आमच्या खासदारांचे कामगार मंत्रालयाचे प्रश्न काढून नोटीस बोर्डावर लावले. चर्चा व्हायला लागली तेव्हा खासदारांच्या कार्यालयातून फोन आला की निवेदन घेऊन या.

---

डिलिव्हरी_कर्वेनगर

मी निलंग्याचा, पुण्यात जेवणाचे पार्सल पोचवतो. इथे सगळे मत द्या म्हणतात, माझं नाव गावच्या यादीत आहे. २०२४ ला लातूरचं मतदान ७ मेला होतं, पुण्याचं १३ ला. गावाला जायचं म्हणजे जाण्यायेण्याचं भाडं आणि दोन दिवसांची कमाई. लग्नसराईत तिकीटही मिळत नाही. आम्ही एका खोलीत पाच जण राहतो, पाचही जणांचं मत वाया गेलं. आम्हाला कोण विचारणार?

---

अनघा_सांगली

दादा, तुमचा प्रश्न खरा आहे. २०१९ ला देशात सुमारे ३० कोटी मतदारांनी मत दिलं नाही, त्यात स्थलांतर हे मोठं कारण असल्याचं निवडणूक आयोगानेच म्हटलं होतं. दूर राहून मतदान करता येईल अशा यंत्राचं प्रात्यक्षिक जानेवारी २०२३ मध्ये पक्षांना दाखवायचं ठरलं, पण बहुतेक विरोधी पक्षांनी शंका काढल्या आणि ते तिथेच राहिलं. सैनिकाला टपाली मत आहे, ऊसतोड मजुराला नाही. लोकसभा एप्रिल-मेमध्ये असते, तोवर बीडची माणसं बहुतेक परतलेली असतात. विधानसभा ऐन हंगामात येते, तेव्हा त्यांचे हाल बघा.

तुमच्यापुरतं सांगायचं तर तुम्ही वर्षानुवर्षं पुण्यात राहत असाल तर नमुना ८ भरून नाव इथे आणता येतं. भाडेकरार नसेल तरी अर्ज टाका, बीएलओ प्रत्यक्ष येऊन पडताळणी करू शकतो. गावचं नाव गेलं की गावाशी नातं तुटेल असं बऱ्याच मुलांना वाटतं. पण रोजचं काम, भाडं, अपघात, दवाखाना हे सगळं पुण्यात असेल तर तिथल्या उमेदवाराला तुमची गरज वाटली पाहिजे.

आणि कामावर असणाऱ्या सगळ्यांसाठी: लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १३५ब. मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी. रोजंदारीवाल्यालाही त्या दिवसाची मजुरी द्यावी लागते. दंड फक्त ५०० रुपयांपर्यंत आहे, त्यामुळे छोटे मालक घाबरत नाहीत, हेही खासदारांना विचारण्यासारखं आहे. पण हक्क कायद्यात आहे, मागा. मुंबईत २० मे २०२४ ला दक्षिण मुंबईत मतदान ५० टक्क्यांच्या आसपास होतं, आणि त्याच शहरात उत्तर पश्चिमचा निकाल ४८ मतांनी लागला. एका चाळीच्या एका मजल्यावर त्याहून जास्त मतदार असतात.

---

लालबागचा_जुना

४८ मतांचं खरं आहे, आमचे व्याही त्याच मतदारसंघातले.

माझी शंका अजून आहे. उमेदवाराला ९५ लाखांची खर्चमर्यादा, पण पक्षाच्या खर्चाला मर्यादाच नाही. निवडणूक रोखे सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी २०२४ मध्ये रद्द केले तेव्हा कुठे कळलं कोणी किती दिले. कामगाराकडे मत आहे, मालकाकडे मत आणि पैसा दोन्ही. आणि लोकसभेत कांद्याने पाडलेले लोक पाच महिन्यांत विधानसभेला परत आले, लाडक्या बहिणीच्या १,५०० वर.

---

चांदवडकर

ते १,५०० सुद्धा लोकसभेच्या निकालानंतरच सुरू झाले ना काका? जूनमध्ये निकाल लागला, जुलैपासून योजना. माझ्या शेतात येणाऱ्या बायांना ते पैसे मिळाले, त्यांच्या दृष्टीने त्यांच्या मताला कधी नव्हे ती किंमत आली. मला ते पुरेसं वाटत नाही, त्यांची मजुरी वाढायला हवी. पण त्यांना फसवलं असं मी म्हणणार नाही.

---

राजापूरकर

पैशाचा मुद्दा बरोबर आहे. तरी एक गोष्ट बघा. रोजगार हमी आपल्या महाराष्ट्राची, १९७२ च्या दुष्काळातून उभी राहिलेली, वि. स. पागे यांच्या चिकाटीची. देशभर ती २००५ मध्ये गेली, कारण २००४ चा निकाल असा लागला की डाव्यांच्या पाठिंब्याशिवाय सरकार उभं राहत नव्हतं आणि १०० दिवसांच्या कामाची हमी किमान समान कार्यक्रमात लिहून घेतली गेली. माहितीचा अधिकार, वनहक्क कायदा, सगळं त्याच लोकसभेचं. धनदांडगे तेव्हाही होतेच की. डिसेंबर २०२५ मध्ये त्या रोजगार हमीच्या जागी नवा कायदा आला. दिवस १२५ केले, पण बहुतेक राज्यांवर खर्चाचा ४० टक्के भार टाकला. राज्याकडे पैसे नसतील तर त्या १२५ दिवसांचं काय, हा प्रश्न आता आपल्या ४८ जणांना विचारायचा.

---

रातपाळी

आता कामाचं बोलू. पुढच्या अधिवेशनाआधी आम्ही आमच्या खासदारांना प्रश्नांचा मसुदा देणार आहोत. प्रश्नाची सूचना किमान १५ दिवस आधी द्यावी लागते, म्हणून अधिवेशनाची तारीख जाहीर झाली की लगेच. मंत्र्याने "माहिती गोळा केली जात आहे" असं उत्तर दिलं तर ते आश्वासन धरलं जातं आणि तीन महिन्यांत पुरं करावं लागतं, त्यासाठी वेगळी समिती आहे. म्हणून प्रश्न आकडा मागणारा असावा, मत मागणारा नको.

आत्तापर्यंतचे दोन असे:

२१,००० ची ईएसआय मर्यादा ओलांडल्यामुळे गेल्या पाच वर्षांत महाराष्ट्रात किती कामगार योजनेबाहेर गेले, आणि मर्यादा वाढवण्याचा प्रस्ताव कोणत्या तारखेपासून विचाराधीन आहे?

अंगणवाडी सेविकांच्या मानधनातला केंद्राचा वाटा ऑक्टोबर २०१८ नंतर किती वेळा वाढवला, आणि नसेल वाढवला तर राज्यांनी त्यासाठी किती पत्रं पाठवली?

तुम्ही आपापल्या मतदारसंघात हेच द्या. एकाच विषयावर पाच-सहा जिल्ह्यांतून प्रश्न गेला तर तो गठ्ठ्याने दिसेल, चांदवडकर म्हणाले तसा.

---

निवृत्त_फिटर

तिसरा माझा घ्या. महाराष्ट्रात ईपीएस ९५ चे किती पेन्शनर १,००० ते २,००० रुपयांच्या दरम्यान पेन्शन घेतात, जिल्हावार आकडा द्या. जिल्हावार पाहिजेच. मग आम्हाला कळेल कुठल्या मतदारसंघात आम्ही किती आहोत.

---

सेविका_परभणी

काका, तो आकडा आला की इथे टाका. आमच्या गावातले पेन्शनर मी यादीवरून शोधून काढते.